हेड बदलायचं की आधी थांबायचं?

मे महिन्याची सुट्टी संपवून मंडळी गावाहून परतली की या सदराकडे फोटो प्रिंटरची पत्रं येऊ लागतात. या वेळचं पहिलं पत्र जरा सविस्तर घेतलंय, कारण त्यातली तक्रार बऱ्याच जणांची आहे. हेड म्हणजे प्रिंटरमधला, नोझल नावाच्या बारीक भोकांतून कागदावर शाई फेकणारा भाग.

ताई, मी घरून पासपोर्ट फोटो आणि बारशा-मुंजीचे फोटो छापून देते. सहा रंगांचा टँकवाला प्रिंटर आहे. महिनाभर आम्ही सगळे देवगडला होतो. परत येऊन छापलं तर चेहरे हिरवट यायला लागले. नोझल चेकमध्ये, म्हणजे सगळ्या रंगांच्या रेघा छापणाऱ्या चाचणीत, लाइट मजेंटा (फिका गुलाबी) जवळजवळ नाहीच. लागोपाठ सात-आठ वेळा हेड क्लिनिंग केलं, तर आता पिवळ्याच्याही रेघा तुटल्यात, आधी तो चांगला होता. जवळचा दुरुस्तीवाला म्हणतो हेड गेलं. त्याची किंमत ऐकून वाटतं, नवीन मशीनच घ्यावं. काय करू?
— एक वाचक, बोरिवली

नवीन मशीन इतक्यात घेऊ नका. आणि कृपा करून आणखी एक क्लिनिंगही करू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ पिवळ्याची आहे. चालू असलेला रंग एका दुपारीत वाळून बंद पडत नाही. क्लिनिंगनंतर तो तुटला, म्हणजे बहुतेक आत हवा शिरलीय. तुमच्यासारख्या मशीनचं हेड पायझो जातीचं असतं. विजेनं आतला स्फटिक किंचित वाकतो आणि शाईला धक्का देऊन थेंब बाहेर फेकतो. मधे हवेचा बुडबुडा असला तर धक्का त्या बुडबुड्यालाच दाबतो, थेंब निघतच नाही. हेड धडधाकट, शाई भरपूर, तरी कागद कोरा.

लाइट मजेंटाचं मात्र वेगळं असू शकतं. तो महिनाभरात खरंच वाळला असेल. नोझलचं भोक वीस-पंचवीस मायक्रॉनचं, डोक्याचा केस त्याच्या तिप्पट जाड. तिथं शाईचं पाणी उडालं की राहिलेला रंग बूच बनून बसतो.

दोन्हींतला फरक कळायला पैसे लागत नाहीत. आज एक नोझल चेक काढा आणि मशीन त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा. उद्या सकाळी, क्लिनिंग न करता, दुसरा काढा. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. रेघा त्याच जागी तुटल्या असतील तर तिथं शाई वाळलीय. तुटायच्या जागा सरकल्या असतील तर हवा आहे. आमच्याकडे गाळ्यात प्रिंटर आला की मी आधी हेच करते. गिऱ्हाईक वैतागतं, कारण त्याला वाटतं मी नुसतीच मशीन ठेवून घेतलीय.

हवेवर औषध म्हणजे थांबणं. बुडबुडे हळूहळू वर सरकतात, फेस बसतो. काही कंपन्यांच्या माहितीपुस्तकात तर जोरदार क्लिनिंगनंतर सुधारणा नसेल तर १२ तास छपाई न करता थांबा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या वर आहे ना, आणि मशीनला वाहतुकीसाठीचा लॉक असेल तर तो छपाईच्या बाजूला आहे ना, तेही बघा. घर आवरताना, मशीन हलवताना तो फिरवला जातो आणि मग सगळे रंग एकेक करून दम तोडतात.

आता कॅप. क्लिनिंग म्हणजे हेडला आतून धुणं असं लोक समजतात. प्रत्यक्षात हेड उजवीकडे एका रबरी कॅपवर जाऊन बसतं आणि खालचा पंप त्यातून शाई ओढून घेतो. कॅपच्या काठावर वाळलेल्या शाईचा थर असेल तर ती हेडला घट्ट चिकटत नाही, पंप बाजूची हवाच ओढतो. अशा कॅपवर दहा वेळा क्लिनिंग करा नाहीतर पन्नास वेळा, टाकी रिकामी होईल आणि हेड तिथंच राहील. चोक, म्हणजे हेड तुंबलंय, म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये मला हेडपेक्षा कॅपच जास्त वेळा घाण सापडते.

ती साफ करायला मशीन चालू करा, हेड कॅपवरून सरकलं की प्लग काढा. मग हेड हातानं अलगद डावीकडे सरकवता येतं. अडलं तर जोर करू नका. पारदर्शक पट्टीला आणि पांढऱ्या रिबिनीसारख्या केबलला बोट लावू नका. सुई काढलेल्या सिरिंजनं कॅपमधल्या स्पंजवर डिस्टिल्ड पाण्याचे किंवा हेड क्लिनिंग लिक्विडचे काही थेंब सोडा, दहा मिनिटांनी टिपून घ्या. काठ आणि शेजारचा रबरी वायपर धागे न सोडणाऱ्या ओल्या कापडानं पुसा. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू नेमके नोझलवर जाऊन बसतात. शेवटी स्पंजवर पुन्हा थोडं लिक्विड सोडून हेड कॅपवर आणा आणि रात्रभर तसंच राहू द्या. वाळलेलं बूच असंच खालून भिजतं.

सकाळी एकच क्लिनिंग, मग नोझल चेक. लाइट मजेंटा थोडा जरी आला तरी पुढचं क्लिनिंग नको. त्याऐवजी फिकट गुलाबी रंगाचा पानभर चौकोन छापा. सेटिंग मात्र ग्लॉसी फोटो पेपर आणि उत्तम दर्जाचं ठेवा, कागद साधा घातला तरी चालेल. साध्या कागदाच्या सेटिंगवर फिके दोन रंग (लाइट मजेंटा आणि लाइट सायन म्हणजे फिका निळा) फारसे वापरलेच जात नाहीत, आणि पाहिजे तो रंग वाहत नाही. यात शाई मुख्यतः अडलेल्या रंगाची जाते. क्लिनिंगमध्ये सहाही रंगांची जाते आणि तळाच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, साठते. पॅडचा हिशेब मशीन ठेवतं आणि एके दिवशी छपाई थांबवतं. मग कुणीतरी फुकटच्या सॉफ्टवेअरनं आकडा शून्यावर आणून देतं, पॅड तोच राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी टेबलावर शाई उतरते.

हे सगळं चार-पाच दिवसांत, सावकाश करूनही रेघा त्याच जागी तुटत असतील तर हेडबद्दल बोलू. तेव्हाही दुरुस्तीवाल्याला विचारा, त्यानं कॅप आणि डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) बघितले का. न उघडताच हेड गेलं म्हणाला असेल तर मशीन उचलून घरी आणा.

माझा प्रिंटर साधा, दोन कार्ट्रिजचा आहे. कार्ट्रिज काढून गरम पाण्यात ठेवलं तर चालेल का?
— एक वाचक, लालबाग

चालेल, पण कोमट पाण्यात, आणि पूर्ण बुडवून नाही. एचपीच्या बऱ्याच साध्या प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजच्या तळाशीच असतं. बशीत ओला टिश्यू घडी करून ठेवा, त्यावर कार्ट्रिजचा तळ मिनिट-दोन मिनिटं टेकवा, उचलून कोरड्या टिश्यूवर दाबा. रंगाचे तिन्ही पट्टे उमटले की झालं. तांब्याचे ठिपके कोरडे करूनच परत बसवा. ही हेडं उष्णतेवर चालतात, शाई संपलेली असताना छापत राहिलात तर आतला हीटर जळतो, मग कुठलंच पाणी उपयोगाचं नाही. त्यापुढे झटापट करू नका, नवीन कार्ट्रिजबरोबर नवीन हेड मिळतंच.

व्हिडिओत एक जण काच पुसायचं लिक्विड सिरिंजनं हेडमध्ये भरतो आणि हेड लगेच मोकळं होतं. नळाचं पाणी, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काय वापरू?
— एक वाचक, मुलुंड

यातलं काहीच नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लॅस्टिक आणि गोंद खातं. काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया, सुगंध, काय काय असतं. त्यानं बूच सुटतंही कधी कधी, पण पुढचं सांगायला तो व्हिडिओवाला तुमच्या घरी येणार नाही. तानसा-भातसाचं पाणी प्यायला कितीही चांगलं असो, त्यात क्लोरीन आणि क्षार असतातच. डिस्टिल्ड पाणी स्वस्त मिळतं. लिक्विड हवं असेल तर लॅमिंग्टन रोडवर मिळेल, तुमच्या शाईचा प्रकार सांगून घ्या, डाय (विरघळलेला रंग) की पिगमेंट (रंगाचे बारीक कण). आणि सिरिंजचा जोर पायझो हेडवर कधीच नको, आतले पापुद्रे सुटले की रंग एकमेकांत मिसळतात.

पावसाळ्यात फोटोवर आडव्या रेघा येतात, पण नोझल चेक अगदी स्वच्छ आहे. हे चोकच का?
— एक वाचक, वडाळा

नाही. नोझल चेक स्वच्छ असताना क्लिनिंग करणं म्हणजे ताप नसताना गोळी घेणं. दमट हवेत फोटो पेपर वाकतो, त्याची कड हेडच्या तळाला घासते, कधी तंतू चिकटून येतो. पाकीट उघडलं की उरलेले कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. कागद ट्रेमध्ये रात्रभर सोडू नका. मग हेड अलाइनमेंट (छपाईच्या रेघा जुळवून घेणारी सेटिंग) एकदा करा, आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये निवडलेला कागद आणि घातलेला कागद एकच आहे ना बघा. छापलेले फोटो जुलैत लगेच अल्बममध्ये घालाल तर ते प्लॅस्टिकला चिकटतील, एक दिवस सुटे वाळू द्या.

सासरे रोज रात्री झोपताना घरातली सगळी मेन बटणं बंद करतात, प्रिंटरचंही. त्यानं काही बिघडतं का?
— एक वाचक, गिरगाव

छापताना किंवा छापून झाल्यावर मशीन चालूच असेल आणि भिंतीवरचं बटण बंद झालं तर बिघडू शकतं, कारण हेड कॅपवर नीट न बसता उघडंच राहू शकतं. पंख्याखाली, एसीत तर आणखी लवकर वाळतं. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबायचं, घरघर थांबून दिवा विझला की मग भिंतीवरचं. सासऱ्यांना एवढंच सांगा, त्यांची सवय मोडायची गरज नाही. आठवड्यातून एक रंगीत फोटो काढत जा, सहाही रंग असलेला. नातवंडांचा काढलात तर बटणाचं काम ते स्वतःच आठवणीनं करतील.