बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला मोठं मॅगझिन? वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईहून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय फिरून फिरून आहे: जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला (म्हणजे दर फैरीनंतर नळीमागचा बोल्ट हाताने ओढून पुढचं काडतूस भरायच्या रायफलीला) काढता-घालता येणारं, जास्त काडतुसांचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, बसवता येईल का. परदेशी व्हिडिओ बरेच पाहिले जातायत, हे प्रश्नांवरूनच कळतं. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : वडिलांची .३१५ इंच बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रायफल रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. मॅगझिन पाच काडतुसांचं आहे. वागळे इस्टेटमधला एक ओळखीचा वर्कशॉपवाला म्हणतो, दहा-पंधराचं बनवून देतो. करून घेऊ का? (घोडबंदर रोड, ठाणे)

नको. आणि त्यालाही सांगा की हे काम हातात घेऊ नकोस, कारण तुमच्याबरोबर तोही अडकेल. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे काय हे सांगतानाच शस्त्राचे भागही त्यात धरले आहेत. कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला, तिच्यात फेरफार करायला, फार काय नुसती दुरुस्त करायलाही परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाचा भंग केल्यास किमान सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. तुमचा परवाना रायफल बाळगण्याचा आहे, तिच्यावर प्रयोग करण्याचा नाही. वागळे इस्टेटमधल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. अडचण कागदाची आहे.

पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी हा सौदा तोट्याचाच आहे. मॅगझिन म्हणजे पत्र्याचा डबा आणि आत स्प्रिंग, असं लोकांना वाटतं. खरं काम करतात त्याच्या वरच्या दोन वळवलेल्या कडा. काडतूस किती उंचीवर थांबेल, बोल्ट पुढे जाताना कोणत्या कोनात सुटेल आणि नळीच्या मागच्या तोंडात सरळ शिरेल की नाही, हे त्या कडा ठरवतात. त्यातून .३१५चं काडतूस रिमचं, म्हणजे बुडाशी कडा बाहेर आलेलं. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट मध्येच थांबतो. डबा जितका लांब, तितकी ही कटकट जास्त. जुन्या .३०३ ब्रेन गनचं (ही हलकी मशीनगन) मॅगझिन केळीसारखं वाकडं का होतं, याचं उत्तर रिमच्या काडतुसांच्या या रचनेतच आहे. तीच गन पुढे बिनरिमच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बदलली, तेव्हा मॅगझिन जवळजवळ सरळ झालं.

तुमचं पाचाचं मॅगझिन नीट चालत नसेल, तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे दुरुस्तीला द्या आणि पावती जपून ठेवा. नीट चालत असेल तर हात लावू नका.

प्रश्न : पोलिसांकडे असायच्या त्या .३०३चं दहा काडतुसांचं मॅगझिन खटका दाबला की निघतं. म्हणजे शिपाई चार-पाच भरलेली मॅगझिन जवळ ठेवत असणार. मग आपल्याला का नको? (नेरुळ)

प्रश्न आवडला, कारण यातला समज फार जुना आहे. ली-एनफील्डचं, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच .३०३ रायफलीचं, मॅगझिन निघतं हे खरं, पण ते निघतं साफसफाईसाठी. सुरुवातीच्या मॉडेलांत तर ते हरवू नये म्हणून छोट्या साखळीने रायफलीलाच बांधलेलं असे. शिपाई मॅगझिन बदलत नसे. बोल्ट मागे ओढून पाच काडतुसांची पत्र्याची पट्टी वरून लावायची, अंगठ्याने काडतुसं खाली दाबायची, पट्टी टाकून द्यायची. दोन पट्ट्यांत रायफल भरली. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवर एका मिनिटात नेम धरून १५ फैरी झाडायचा सराव होता, तो या पट्ट्यांच्याच जोरावर. त्या वेगाचं श्रेय आखूड फिरणाऱ्या बोल्टला आणि तालमीला द्यायला हवं. मॅगझिनच्या आकाराचा त्यात फारसा वाटा नाही.

मोठं मॅगझिन करून पाहिलं नाही असंही नाही. त्याच युद्धात खंदकांत वापरण्यासाठी जर्मन माउझर रायफलीला २० काडतुसांचं मॅगझिन जोडत. सारखं भरायला नको, त्यामुळे बोल्टमध्ये चिखल कमी जाई, हा फायदा होता. पण पोटावर झोपून नेम धरताना तो लांब डबा जमिनीला टेकतो. मॅगझिनवाल्या रायफलीचा तोल पाहायचा असेल तर एकदा झोपून पाहा, उभ्याने काही कळत नाही.

आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने १९६०च्या दशकात हीच ली-एनफील्ड रायफल ७.६२ काडतुसासाठी बनवली. तिचं मॅगझिन वेगळं, जास्त चौकोनी. मूळ कारखान्यालाही काडतूस बदलल्यावर मॅगझिन नव्याने आखावं लागलं, एवढं लक्षात घ्या. .३०३ लष्करी बोअर म्हणून नागरिकांना बंद, म्हणून आपल्या वाट्याला .३१५ आली. ती ली-एनफील्डच्याच घराण्यातली आहे, त्यामुळे ‘.३०३चं मॅगझिन हिला बसतं का’ असंही दोघांनी विचारलंय. त्यांनी पहिलं उत्तर पुन्हा वाचावं.

प्रश्न : कॅनडातला भाचा म्हणतो, तिथे बोल्ट-अ‍ॅक्शनला दहाचं मॅगझिन दुकानात मिळतं. त्याच्या बॅगेतून आणलं तर? (डोंबिवली)

तिथे काडतुसांच्या संख्येची मर्यादा मुख्यतः सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलींवर आहे, हाताने बोल्ट ओढायच्या रायफलींवर नाही, म्हणून मिळतं. आपल्याकडे शस्त्र किंवा त्याचा भाग आयात करायला वेगळी परवानगी लागते. भाच्याला विमानतळावर कस्टमसमोर उभं करू नका. चॉकलेटं मागवा.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, तिला ५० मीटर रायफल खेळायची आहे. मॅगझिनची रायफल घ्यावी की बिनमॅगझिनची? (सीबीडी बेलापूर)

स्पर्धेत प्रत्येक फैरीला एक काडतूस हाताने घालायचं असतं, मॅगझिनचा संबंधच नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेही एकेक काडतूस घालूनच. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींत प्रत्येकी २० फैरी असतात. तिथे घाई करणारा हरतो.

आधी १० मीटर एअर रायफल. .१७७ बोअरची, २० जूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअर रायफल शस्त्र परवान्यातून वगळलेली आहे, त्यामुळे सुरुवात सोपी जाते. एअर रायफलींनाही आता फिरती मॅगझिन येतात आणि दुकानदार ती आवर्जून दाखवतो. घेऊ नका. हाताने पेलेट (एअर रायफलीचा छर्रा) घालताना श्वास खाली बसतो, खांदा सैल होतो, पुढच्या फैरीची तयारी तिथेच होते. नवीन मुलांना मॅगझिन दिलं की ती नुसती झाडत सुटतात. बेलापूरहून वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज लोकलने आणि पुढे टॅक्सीने गाठता येते. रायफल विकत घेण्याआधी तिथे जाऊन मुलीला ती पेलते का, ते बघा.

प्रश्न : मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का? आणि मॅगझिन काढून ठेवलं की रायफल रिकामी समजायची ना? (पनवेल)

पहिल्याचं उत्तर : चांगली स्प्रिंग नुसत्या दाबून ठेवण्याने सहसा बिघडत नाही, पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने थकते. तरीही घरात भरलेलं मॅगझिन ठेवू नका, आणि याचं कारण स्प्रिंग नाही. काडतुसं एका कुलपात, रायफल दुसऱ्या.

दुसऱ्याचं उत्तर मोठ्या अक्षरांत छापायला हवं होतं : नाही. मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या, बोल्टकडच्या तोंडाशी एक काडतूस बसलेलं असू शकतं. आधी मॅगझिन काढायचं, मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट पूर्ण मागे ओढायचा, डोळ्यांनी बघायचं, करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, बोल्ट आधी आणि मॅगझिन नंतर, तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलतो आणि तुम्ही रिकामी समजून भरलेली रायफल भिंतीला टेकवता. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायला जाल तेव्हाही हे घरूनच करून निघा आणि ठाण्यात हवालदारांसमोर बोल्ट उघडून दाखवा. परवान्यावर नोंद असलेली काडतुसं वेगळ्या पाकिटात न्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.