स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

प्रश्न : माझ्याकडे १९६०च्या दशकातली, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. काही अडचणींमुळे ती आठ महिने उभीच होती. आता किल्ली फिरवली की स्टार्टर जोरात फिरतो. मात्र इंजिन एकदाही पेट घेत नाही. मेकॅनिकने बॅटरी, चारही प्लग आणि कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) बदलून पाहिले. आता कार्ब्युरेटरही बदलावा, असे त्यांचे म्हणणे आहे. बदलावा का?

उत्तर : तूर्त बदलू नका. तीन भाग नवे घालूनही गाडी जागची हललेली नाही, याचा अर्थ दोष नेमका कुठे आहे हे अजून कुणी शोधलेलेच नाही. जुन्या गाडीचे मोठे सुख असे, की तिचा बहुतेक प्रत्येक दोष साध्या हत्यारांनी पडताळता येतो. तपासणीचा दिवा, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), प्लग पाना आणि काचेची स्वच्छ बरणी एवढे साहित्य जमवा आणि एका वेळी एकच गोष्ट तपासा. काढलेले जुने भागही टाकून देऊ नका. गाडी सुरू होईपर्यंत ते हाताशी असू द्या.

स्टार्टर जोरात फिरतो, ही तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती आहे. तो एकसारख्या लयीत फिरत असेल, तर बॅटरी आणि सिलिंडरमधला दाब यांची काळजी सध्या बाजूला ठेवता येईल. लय मध्येच तुटत असेल, तर एखाद्या सिलिंडरचा दाब गेला असण्याची शक्यता असते. इंजिन नेहमीपेक्षा फारच हलके, भिरभिरल्यासारखे फिरत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण काढून स्टार्टर फिरवताना आतला फिरता तुकडा, म्हणजे रोटर, फिरतो की नाही हे पाहावे. तो स्थिर राहत असेल, तर टायमिंगची साखळी तुटलेली असू शकते. या दोन्ही गोष्टी नसतील, तर प्रश्न उरतो तो एवढाच, की ठिणगी पडत नाही की पेट्रोल पोहोचत नाही.

याचे पहिले उत्तर प्लगच देतो. चोक ओढून स्टार्टर काही सेकंद फिरवा आणि लगेच एक प्लग काढून पाहा. टोक ओले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत येते आहे, म्हणून आधी ठिणगी तपासावी. टोक कोरडे ठणठणीत असेल, तर आधी इंधनाकडे वळावे. स्टार्टर एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला निवू द्यावे.

ठिणगी तपासताना कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध येणारी जाड वायर झाकणातून काढा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि तिचे टोक इंजिनाच्या उघड्या धातूपासून साधारण सहा मिलिमीटरवर ठेवून दुसऱ्या व्यक्तीला स्टार्टर फिरवायला सांगा. त्यापूर्वी प्लग जागेवर बसवलेले असावेत आणि आसपास सांडलेले पेट्रोल नसावे, कारण पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. निळी, कडकडीत ठिणगी पडली, तर दोष त्यापुढे, म्हणजे झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरींमध्ये आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज त्या रेघेवरूनच निसटते आणि ते झाकण बदलण्यावाचून इलाज नसतो. प्लग नुकतेच बदललेले असल्याने वायरींची अदलाबदल झाली नाही ना, हेही पाहा. चार सिलिंडरच्या पुष्कळ इंजिनांचा ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ असतो, काहींचा १-२-४-३ असतो; तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तो खरा.

ठिणगी पडलीच नाही, किंवा पिवळट आणि दुबळी पडली, तर माझा पहिला संशय पॉइंटवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत उघडमीट करून कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन तोंडांवर, जाईल. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की पॉइंटच्या दोन्ही तोंडांवर दमट हवेने राखाडी थर बसतो. तोंडे एकमेकांना टेकलेली दिसतात, पण त्यांच्यातून वीज वाहत नाही. डोळ्यांना हा थर सहसा जाणवत नाही, म्हणून मेकॅनिक पॉइंटवर नजर टाकून पुढे जातात आणि कॉइल बदलून बसतात. इथे दिवा लावून पाहावा. त्याचे एक टोक बॅटरीच्या ज्या बाजूने बॉडी जोडलेली आहे त्या बाजूला, म्हणजे अर्थला लावा आणि दुसरे कॉइलच्या त्या टोकाला लावा, जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. इग्निशन चालू करून इंजिन हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे आणि मिटले की विझला पाहिजे. पॉइंट मिटूनही दिवा लागलेलाच राहत असेल, तर त्यांच्यातून वीज जात नाही. दिवा एकदाही लागत नसेल, तर कॉइलपर्यंत वीज येत नाही, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत ती आधीच अर्थ होते आहे. पॉइंटच्या स्क्रूखालची इन्सुलेशनची छोटी चकती उलटी बसली तरी असे घडते.

इग्निशन बंद करून पॉइंटच्या तोंडांमधून बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन-चार वेळा ओढा आणि नंतर कोरा स्वच्छ कागद ओढून भुकटी काढून घ्या, कारण मागे राहिलेला कणही वाट अडवतो. मग पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने फट मोजा. अनेक जुन्या गाड्यांत ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, मात्र अंतिम शब्द पुस्तिकेचा. पॉइंट उघडताना त्यांच्यातच मोठी, पिवळी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर (ही ठिणगी दाबणारा छोटा भाग) निकामी झालेला असू शकतो.

तुमच्या गाडीत नवे भाग बसलेले असल्याने त्यांच्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. त्या काळच्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. अशा गाडीची कॉइल ऋण अर्थच्या पद्धतीने जोडली, तर ठिणगी पडते खरी, पण क्षीण पडते.

आता प्लग कोरडा निघाला तर. पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक बरणीत धरा, कॉइलला इग्निशनकडून वीज आणणारी बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगीची भीती राहणार नाही, आणि स्टार्टर फिरवा. पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोरात आले पाहिजे. आले नाही, तर पंपाचा पडदा, टाकीतली जाळी आणि चिरलेल्या नळ्या पाहाव्यात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. बरणीत पेट्रोल जोरात आले, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोटची (कप्प्यातल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई चिकटलेली असू शकते आणि कित्येकदा फ्लोटच्या कप्प्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर ती सुटते. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर टाकीत पाणी आहे.

प्लग ओला, ठिणगी कडकडीत आणि तरीही इंजिन गप्प, असे झाले तर पेट्रोल बरणीत काढून त्याचा वास घ्या. पेट्रोलमधले हलके, पटकन उडणारे घटकच थंड इंजिनाला पेट घ्यायला मदत करतात आणि गाडी उभी असताना नेमके तेच उडून जातात. उरलेल्या द्रवाला वॉर्निशसारखा जड वास येतो. तो आला, तर टाकी आणि फ्लोटचा कप्पा रिकामा करून ताजे पेट्रोल भरा. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याचा प्रयोग मात्र कुणी सुचवला तरी करू नका. इंजिनाने उलटी आग फेकली, तर माणूस भाजतो.

प्रश्न : आमची जुनी गाडी सकाळी लगेच सुरू होते. लांबचा प्रवास करून दहा-पंधरा मिनिटे थांबलो, की सुरू होत नाही; तासाभराने पुन्हा होते. घरी तपासल्यावर काहीच सापडत नाही.

उत्तर : घरी गाडी थंड असते, म्हणून सापडत नाही. दोष हजर असेल तेव्हाच तपासणी करायला हवी, तेव्हा साहित्य गाडीतच ठेवा. इंजिन बंद झाले, की पंखा आणि पाणी थांबते आणि इंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरपर्यंत चढते. फ्लोटच्या कप्प्यातले पेट्रोल उकळून आत ठिबकले, तर मिश्रण प्रमाणाबाहेर दाट होते. पंपात किंवा नळीत त्याची वाफ झाली, तर पेट्रोल पोहोचतच नाही. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि प्लग ओला असेल, तर चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा. पाय मात्र वरखाली करू नका. प्लग कोरडा असेल, तर पंपावर ओले फडके ठेवून पाहा. त्याने गाडी सुरू झाली, तर नळी एक्झॉस्टपासून लांब न्यावी आणि कार्ब्युरेटरखालची उष्णता अडवणारी जाड चकती पूर्वी कुणी काढून टाकली नाही ना, हे बघावे. या सगळ्याच्या आधी त्याच जागी, त्याच वेळी ठिणगी तपासा, कारण तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर हुबेहूब हीच लक्षणे दाखवतात.

प्रश्न : किल्ली स्टार्टवर धरून ठेवली आहे तोवर इंजिन चालते आणि किल्ली सोडताच बंद पडते. असे का होते?

उत्तर : काही गाड्यांत कॉइल कमी व्होल्टेजवर चालणारी असते. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्टेज खाली येते, तेव्हा तिला बॅटरीतून थेट वीज मिळते आणि एरवी ती बॅलास्ट रेझिस्टरमधून (व्होल्टेज कमी करणाऱ्या रोधातून) येते. तुमच्या गाडीत ही दुसरी वाट तुटलेली दिसते. किल्ली इग्निशनवर ठेवून मीटरने रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. अलीकडे बारा व्होल्ट आणि पलीकडे शून्य असेल, तर रेझिस्टर गेला. दोन्हीकडे शून्य असेल, तर इग्निशन स्विच किंवा त्याची वायर तपासा. काही गाड्यांत सुट्या रेझिस्टरऐवजी वायरिंगमध्येच विशेष रोधाची तार असते, तीही पाहावी. थेट वायर जोडून गाडी कायमची चालवू नका, कारण त्याने कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. नवा रेझिस्टर घेताना तो कॉइलच्या रोधाशी जुळणाराच घ्या.