जुनी डिझेल पॅसेंजर इंजिनं चालू ठेवणं वाफेच्या इंजिनांपेक्षा सोपं असतं ना, मग इतकी कमी का उरलीत?

तुमचं म्हणणं असं की वाफेच्या इंजिनाला राबावं लागतं हे कळतं, पण डिझेल काय, बटण दाबलं की सुरू, मग म्युझियममधे आणि टुरिस्ट रेल्वेवर जुनी पॅसेंजर डिझेल इतकी कमी का दिसतात. मी सुट्टीच्या दिवशी एका रेल्वे म्युझियमच्या शेडमधे मदतीला जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एका दिवसापुरतं बघितलं तर डिझेल सोपंच आहे. पण साठ-सत्तर वर्षं टिकवायचं म्हटलं की हिशोब उलटा होतो. वाफेच्या इंजिनाचे बरेचसे भाग चांगला कारागीर ड्रॉइंग बघून नव्याने बनवू शकतो, ब्रिटनमधे तर हौशी लोकांनी पैसे जमवून २००८ मधे टॉर्नेडो हे अख्खं नवं इंजिन उभं केलं. डिझेलचं तसं नाही. क्रँकशाफ्ट, इंजेक्टर, मेन जनरेटरचं (म्हणजे चाकांच्या मोटरींना वीज देणाऱ्या जनरेटरचं) आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, ह्या गोष्टी मोठ्या कारखान्यात बनायच्या, तो कारखाना बंद झाला की जे गोदामात पडलंय तेवढंच. म्हणून कुठलं डिझेल जगणार हे त्याच्या रूपावर ठरत नाही, स्पेअर पार्ट कुठे मिळतात त्यावर ठरतं.

अल्को ह्या अमेरिकन कंपनीचं पीए हे मॉडेल घ्या. १९४६ ला आलं, लांब नाक, माझ्या मते अमेरिकेतलं सगळ्यात देखणं डिझेल. पण आतलं २४४ नावाचं डिझेल इंजिन कटकटीचं होतं, रेल्वे कंपन्यांनी भराभर काढून टाकलं आणि अमेरिकेत चालू एकही उरलं नाही. शेवटची काही मेक्सिकोत गेली होती, त्यातली दोन सांगाड्याच्या अवस्थेत २००० मधे परत आणली, आणि त्यातल्या एकावर डॉइल मॅकॉर्मॅक यांनी ओरेगॉनमधे वर्षानुवर्षं खपून काम केलं, तेही २४४ च्या नादी न लागता अल्कोचंच नंतरचं २५१ बसवून. आता त्याच घराण्यातलं कॅनडात १९५८-५९ ला बनलेलं एफपीए-४ बघा, त्याच्यात मुळातच २५१ होतं, आणि ही इंजिनं नापा व्हॅलीची वाइन ट्रेन, ओहायोतली कायाहोगा व्हॅली रेल्वे अशा ठिकाणी पुढे कित्येक वर्षं टुरिस्ट गाड्या ओढत राहिली. २५१ जगभर खूप चाललं, त्यामुळे पार्ट मिळत राहिले.

ईएमडी ह्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या ई-युनिट मालिकेचंही तेच. त्यातल्या ई८ मधे बारा सिलिंडरची दोन ५६७ जातीची इंजिनं असतात, मिळून २२५० हॉर्सपॉवर, आणि नंतर आलेल्या ६४५ इंजिनाच्या पॉवर असेंब्ली म्हणजे पिस्टन-लायनर-हेडचा अख्खा संच ५६७ च्या शेवटच्या काळातल्या ब्लॉकमधे बसतो, हे केवढं मोठं नशीब आहे! इलिनॉयमधे युनियन गावच्या म्युझियममधे १९४० चं सिल्व्हर पायलट नावाचं इंजिन आहे, जगात उरलेलं एकमेव ई५, स्टीलचं चकचकीत, ते १९३६ च्या नेब्रास्का झेफिरच्या डब्यांना जोडून चालवतात. एकदा तरी बघाच.

सगळ्यात अवघड प्रकरण ब्रिटनचं डेल्टिक. १९६१-६२ मधे २२ बनली, ३३०० हॉर्सपॉवर, प्रत्येकात नेपियर कंपनीची दोन इंजिनं, आणि एकेका इंजिनात १८ सिलिंडर, ३६ पिस्टन आणि त्रिकोणात बसवलेले तीन क्रँकशाफ्ट. ब्रिटिश रेल्वे बिघडलेलं इंजिन उचलून दुसरं टाकायची, पण १९८२ च्या सुरुवातीला ही सगळी सेवेतून गेली आणि जी सहा वाचली त्यांच्यामागे तसा साठा कुठून असणार? त्यातल्याच रॉयल स्कॉट्स ग्रे मधे शेवटी नॉर्वेच्या नौदलाच्या बोटीतलं इंजिन फेरफार करून बसवलं लोकांनी. मला ह्याचं मनापासून कौतुक वाटतं.

आणि ते बटणाचं. ५६७ सुरू करायच्या आधी प्रत्येक सिलिंडरचा टेस्ट कॉक म्हणजे छोटी तोटी उघडायची आणि इंजिन लोखंडी बार लावून हाताने फिरवायचं, कारण रात्रीतून कुठे पाणी झिरपून सिलिंडरमधे साठलं असेल आणि तसंच स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा. कॉकमधून नुसती हवा आली तर ठीक, पाण्याचा थेंब जरी दिसला तरी त्या दिवशी गाडी दुसऱ्या इंजिनावर. मग कॉक बंद, फ्युएल प्राइम म्हणजे इंजिनापर्यंत इंधन भरून घेणं, आणि मग स्टार्ट, तेव्हा ६४ व्होल्टच्या बॅटरीवर मेन जनरेटरच मोटर होऊन इंजिन फिरवतो. ई८ असेल तर हे सगळं दोनदा. दोन्ही इंजिनं चालू झाली की त्यांचे आवाज किंचित मागेपुढे होऊन एक लाट तयार होते, ती फक्त ह्या जुन्या दुइंजिनी गाड्यांचीच.

डबे गरम करायचा स्टीम जनरेटर मागच्या बाजूला असतो, तो आता सहसा बंदच ठेवतात, डब्यांना वीज वेगळ्या जनरेटरवरून देतात.

जायचं ठरवलं तर थंड प्रदेशात हिवाळ्यात जाऊ नका. ह्या इंजिनांत अँटिफ्रीझ घालत नाहीत, ते गळून ऑइलमधे गेलं तर बेअरिंगची वाट लागते, त्यामुळे कडक थंडीत पाणी काढून इंजिन उभंच ठेवतात. आणि वेळापत्रकात त्या दिवशी कुठलं इंजिन आहे ते आधी विचारून घ्या, नुसतं डिझेल एवढंच लिहिलेलं असेल तर शंटिंगचं छोटं इंजिनही येऊ शकतं.