पायचीत दिल्यावर खेळाडू अंगावर आले, तर अंपायरने काय करावं?

क्लबच्या सामन्यात नवीन अंपायरला हे हमखास होतं. पहिली गोष्ट म्हणजे, निर्णयाचं स्पष्टीकरण देत बसू नका. 'चेंडू लेगला पडला नव्हता, बॅट लागली नव्हती' असं सुरू केलंत की वाद तुम्हीच उघडलात. चूक खरोखर लक्षात आली तर क्रिकेटच्या नियम 2 प्रमाणे निर्णय बदलता येतो, पण लगेच. पुढच्या षटकात नाही.

वाद वाढला तर 'टाइम' म्हणून खेळ थांबवा, दुसऱ्या अंपायरशी दोन शब्द बोला आणि फक्त कर्णधाराला बोलवा. अकरा जणांशी कोण बोलणार! 2017 पासून खेळाडूंच्या वर्तनाचा नियम 42 हाताशी आहे. नाराजी दाखवली तर संघाला पहिली आणि शेवटची ताकीद. तसला प्रकार त्याच संघातल्या कुणीही पुन्हा केला, की प्रतिस्पर्ध्याला पाच पेनल्टी धावा. अंपायरला दमदाटी केली तर खेळाडू काही षटकं बाहेर, आणि अंपायरला मारण्याची धमकी दिली किंवा कुणालाही मारहाण केली तर सामन्यातूनच बाहेर. स्पर्धेचे स्वतःचे नियम असतील तर ते टॉसआधी वाचून घ्या.

आवाज चढवू नका, बोट तर मुळीच नाचवू नका. 1987 मध्ये पाकिस्तानातल्या फैसलाबाद कसोटीत इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि अंपायर शकूर राणा एकमेकांवर बोटं रोखून भांडले आणि कसोटीचा अख्खा दिवस वाया गेला.

सामना संपल्यावर घटना त्याच दिवशी लिहून आयोजकांना द्या: षटक, खेळाडू, जसेच्या तसे शब्द. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र एक अक्षरही नको.