अकरानंतर पुस्तक मिट, पोरी

"ताई, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता बेळगावात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. रात्री दोनपर्यंत वाचते, सहाला उठते, तरी इंटर्नलला काठावर पास. डिसेक्शन हॉलमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागते. चुलतबहिणीच्या हळदीला गेले नाही, शिवजयंतीचे चित्ररथ बघायलाही नाही. आता कुणी बोलावतही नाही."

पोरी, मार्कांपेक्षा तुझ्या शेवटच्या वाक्याने मला जास्त त्रास झाला.

तुझा वेळ अ‍ॅनाटॉमीत जात नाही, इंग्रजीत जातो. बाकीच्यांचं पान एकदा वाचून होतं, तुला दोनदा वाचावं लागतं, आणि तो वेळ तू झोपेतून काढतेस. पण दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. तुला किमान सात तास हवेत. सहाला उठलेल्या माणसाला रात्री अकराला सतरा तास होतात. इतकं सलग जागल्यावर मेंदू १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा मंदावतो. गाडी चालवायला आपला कायदा ३० पर्यंतच चालवून घेतो. त्या अवस्थेत तू ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे खांद्या-हातातल्या नसांचं जाळं, पाठ करायला बसतेस! म्हणून अकराला दिवा बंद. रात्री नऊचा चहाही सोड. त्यातलं निम्मं कॅफिन दोन वाजताही अंगात असू शकतं. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटलेस तर चालेल.

संध्याकाळी वाचलेलं, पुस्तक मिटून, कागदावर काढून बघ, आणि स्वतःलाच मराठीत समजावून सांग. शिरा, नसा, स्नायू तुला मराठीत कळले की इंग्रजी नावं त्यावर बसतात. उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचा सराव रोज थोडा हवाच.

रूममेट कन्नड बोलणारी असेल तर जेवताना रोज तिच्याशी कन्नडच बोल. पुढच्या वर्षी वॉर्डात गोकाक-बैलहोंगलकडची आजी "होट्टे नोवु", म्हणजे पोट दुखतंय, म्हणत येईल, तेव्हा कुठे, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे तुलाच विचारायचंय. मैत्रीही होईल, अभ्यासही होईल, आणि रूममेटलाही मराठी पेशंटसाठी तुझी गरज पडेल.

चित्ररथ रात्रभर चालतात. वर्षातून एक रात्र जाग, दुसऱ्या दिवशी झोप काढ. परीक्षा तोंडावर असेल तेव्हा मात्र नाही. रविवारी घरी जा, खानापूर काही लांब नाही.

एवढं करूनही दोन आठवडे झोप लागली नाही, किंवा सारखं रडू येत राहिलं, तर कॉलेजातल्या मेंटॉरना सांग, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. त्यात कमीपणा नाही.

आणि आज संध्याकाळी चुलतबहिणीला फोन कर. हळदीला का आली नाहीस ते खरं सांग.