दोन मिलिमीटरचा घोळ

प्रश्न : आईचं वय ७१. गेल्या जूनमध्ये टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तेव्हा हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची झडप 'मॉडरेट' अरुंद, क्षेत्रफळ १.१ चौ. सेंमी. आलं. फेब्रुवारीत दुसरीकडे केला तर ०.९ आणि 'सिव्हिअर'. आई म्हणते, मला काही होत नाही. पाहुणे म्हणतात, उद्याच्या उद्या पुण्याला हलवा. आठ महिन्यांत झडप एवढी आकसते का? दोन्ही रिपोर्ट जोडलेत.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : रिपोर्ट जोडलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत 'झडप खराब आहे' एवढंच असतं, त्यावर काय बोलणार?

झडपेचं क्षेत्रफळ इकोत बहुधा हिशेबानं काढतात. झडपेखालच्या नळीचा व्यास पडद्यावर दोन टिंबं ठेवून मोजायचा, आणि हिशेबात त्याचा वर्ग होतो. तुमच्या जूनच्या रिपोर्टात हा व्यास २० मिमी आहे, फेब्रुवारीच्या १८. आता २० चा वर्ग ४००, १८ चा ३२४. १.१ ला ३२४ नं गुणा, ४०० नं भागा. आलं ०.८९. म्हणजे सगळा फरक त्या दोन मिलिमीटरचा. आठ महिन्यांत ही नळी बारीक होत नसते, टिंब इकडंतिकडं पडलंय. शिकत असताना घाईत मीही असं टिंब टाकलंय आणि एका आजींच्या घरच्यांना रात्रभर जागवलंय.

आता त्याच कागदावर रक्ताचा वेग बघा. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, तसं तोंड अरुंद झालं की रक्त जोरात सुटतं. तो वेग जूनमध्ये सेकंदाला ३.६ मीटर होता, आता ३.७. झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक ३२ वरून ३४. या आजारात वेग वर्षाला साधारण ०.३ नं वाढतो, म्हणजे आईंची झडप आपल्या चालीनंच चाललीय. वेग ४ किंवा दाबाचा फरक ४० झाला की आम्ही 'सिव्हिअर', म्हणजे गंभीर म्हणतो. क्षेत्रफळ मात्र १ च्या खाली गेलं की 'सिव्हिअर' धरतात, म्हणून एकाच कागदावरचे आकडे आपसात भांडतात.

कृष्णेच्या पुराची पातळी आपण सांगलीच्या आयर्विन पुलाच्याच खुणेवर बघतो. काल आयर्विनला मोजलं, आज अंकलीला, आणि पाणी चढलं म्हणून बोंब मारली, असं सांगलीत कुणी करणार नाही. इकोही शक्यतो एकाच ठिकाणी करावा आणि त्या वेळचा बीपी लिहून घ्यावा. बीपी चढलेला असला तर आकडे फसवतात.

पण लगेच निर्धास्त होऊ नका. २० बरोबर की १८, हे कागदावरून कळत नाही, चित्र बघावं लागतं. १८ खरं असेल तर जूनमध्येही झडप ०.९ च होती. अशा वेळी छातीचा साधा सीटी उपयोगी पडतो. डाय (चित्र उठून दिसावं म्हणून द्यायचं औषध) टोचावा लागत नाही, झडपेवर साठलेलं कॅल्शियम मोजतात. बाईमाणसाचा आकडा १२०० च्या वर गेला तर आजार बहुधा गंभीर, पुरुषाचा २००० च्या वर. तुमच्या हृदयतज्ज्ञांना हे विचारा. पुण्याला पळायची आज घाई नाही. सीटीत आजार गंभीर नाही असं ठरलं तर पुढचा इको वर्षभरानं, तोही त्याच मशीनवर. गंभीर ठरला तर सहा महिन्यांतच. जाताना रिपोर्टाबरोबर दोन्ही इकोंच्या चित्रांच्या सीडी न्या.

राहिलं आईंचं 'काही होत नाही'. 'दम लागतो का?' असं विचारू नका, 'नाही' म्हणतील. माझ्याकडच्या एक आजी देवळाच्या चढावर दर वेळी चप्पल नीट करायला थांबायच्या. चप्पल नवी होती. आईंबरोबर एकदा माडीचा जिना चढा आणि त्या कुठल्या पायरीवर, कशाच्या निमित्तानं थांबतात ते बघा. थांबत असतील, छातीत भरून येत असेल किंवा एकदा जरी चक्कर येऊन पडल्या असतील, तर आकडे काहीही म्हणोत, त्याच आठवड्यात दाखवा.