पाचवा महिना आणि डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट

‘ताई, मी २७ वर्षांची. लग्नाआधीपासून ग्रुपमध्ये एमडी (मेफेड्रोन, उत्तेजक ड्रग) घ्यायचे. दिवस गेल्यावरही सुटली नाही. आता पाचवा लागलाय, तीन आठवडे घेतलेली नाही, पण दिवसभर झोप येते, उदास वाटतं. तपासणीला सासूबाई सोबत असतात, त्यामुळे डॉक्टरांना काही बोलले नाही. बाळात व्यंग येईल का? पोलीस येतील का?’
– एक वाचक, ठाणे

अगं, तीन आठवडे थांबलीस, हे बाळासाठी फार मोठं काम केलंस. ही झोप, ही उदासी बहुधा नशा सुटतानाचीच असावी. दारू किंवा गर्द गरोदरपणात एकदम बंद करणं धोक्याचं ठरू शकतं, एमडीचं तसं नाही. त्यामुळे ‘थोडीशी घेऊन बघू’ हा विचार आला तरी घेऊ नकोस. जगणंच नकोसं वाटलं तर त्याच क्षणी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर.

पण डॉक्टरांना सांगायलाच हवं, तेही याच आठवड्यात. अशी उत्तेजकं रक्तवाहिन्या आकसवतात, बीपी चढवतात. वारेला रक्त कमी पोचतं, मग बाळाचं वजन कमी भरण्याचा, प्रसूती लवकर होण्याचा धोका वाढतो. कधी वार आधीच सुटते आणि दोघांच्या जिवावर बेततं. पोट दगडासारखं कडक झालं, अंगावरून रक्त गेलं किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठ. डॉक्टरांना माहीत असेल तर ते बीपी आणि बाळाची वाढ जास्त वेळा बघतील. सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञालाही हे ठाऊक असणं गरजेचं आहे.

सासूबाईंचं काय? ‘मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय,’ एवढं सिस्टरला हळूच सांग. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ व्यसनाचे आजारही धरतो आणि तुझी माहिती गुप्त ठेवायला लावतो. पोलिसांचं म्हणशील तर, अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, नशा केल्याचा किंवा थोडासा अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी आपणहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. असं व्यसनमुक्ती केंद्र कुठे आहे, याची चौकशी १४४४६ वर कर.

बाळाच्या शरीराची ठेवण अठरा ते बावीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बरीचशी दिसते. ती चुकवू नकोस. जन्मल्यावर काही बाळं सुस्त असतात, दूध नीट ओढत नाहीत, काही किरकिरतात. बहुतेकांना त्यासाठी वेगळं औषध लागत नाही. मंद उजेड, आईच्या उघड्या छातीवर ठेवणं, थोडं थोडं दूध, यानं ती सावरतात. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये १९८९पासून कोकेनच्या संपर्कात आलेल्या बाळांना मोठं होईपर्यंत तपासलं. त्यांच्यात आणि त्याच वस्तीतल्या इतर मुलांमध्ये फारसा फरक निघाला नाही, मुलांना मागे ओढत होती ती गरिबी. एमडी म्हणजे कोकेन नव्हे, तरी ‘आता सगळं संपलं’ असं धरून बसू नकोस.

एक गोष्ट मला खटकली. एवढ्या पत्रात नवऱ्याचा उल्लेखच नाही. तोही घेतो का? घेत असेल तर तुझ्या घरातच एमडी आहे. मग तिथे थांबू नकोस. सातव्यात माहेरी जायची रीत आहेच, थोडी आधी गेलीस तर कोणी कारण विचारणार नाही.